सील तुटलेला पंप

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. डिझेल पिणारा आणि पाणी ओढणारा. सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या पलीकडे, नाल्याच्या काठी, चिंचेखाली गोणपाट पांघरून बसलेलं जे धूड दिसतं ते भंगार नव्हे, तो मीच. कुत्री माझ्या सावलीला झोपतात आणि मला त्याचंही आता काही वाटत नाही. पण माझी गोष्ट ऐका, कारण ती माझ्याहून जास्त धुडकूकाकांची आहे.

कारखान्यात मला हिरवागार रंग दिला गेला. डिझेल मोजून सोडणारी एक पितळी डबी माझ्या अंगाला बसवली आणि तिच्यावर तारेत ओवलेलं शिशाचं सील ठोकलं. मला वाटलं, दागिना घातला! दागिना कसला, ते कुलूप होतं आणि त्याची किल्ली कंपनीकडेच राहणार होती.

धुडकूकाका मूळचे खानदेशातले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सुरतेतल्या बमरोलीच्या लूम कारखान्यात घालवली, बिघडलेले माग दुरुस्त करण्यात. त्या खडखडाटात एक कान गेला. दुसरा तरी वाचावा म्हणून त्यांनी इथल्या छगनभाई नावाच्या शेतकऱ्याची जमीन भागाने घेतली आणि गावाकडच्यासारखी केळी लावली. छगनभाई हसले, पण नाही म्हणाले नाहीत. काकांच्या बायकोने, सरलाबाईंनी, एकच गोष्ट धरून ठेवली होती. "आते लूमवर पाय ठेवानं नही," त्या म्हणायच्या. बाग टिकली तर शेत, नाही तर पुन्हा लूम.

पंच्याण्णव सालच्या दसऱ्याला मी त्यांच्या दारी आलो. सरलाबाईंनी मला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं, सीलालाही लावलं. कंपनीच्या माणसाने नारळाचं खोबरं खाता खाता बजावलं की सीलाला आमच्याखेरीज कुणाचा हात लागला, तर पुढे ना माणूस मिळेल ना सुटा भाग. काकांनी मान डोलावली. नव्या वस्तूच्या कौतुकात माणूस कशालाही मान डोलावतो.

ते दिवस फार सुखाचे होते. मी धडधडत पाणी ओढायचो आणि काका माझ्याकडे बघून शेजाऱ्यांना सांगायचे, "हाऊ मना पंप." केळी पोरांसारखी वाढली, निसवली, घड बाहेर पडले. आणि ऐन उन्हाळ्यात, झाडांना पाण्याची सर्वात जास्त गरज असताना, मला ठसका लागला आणि मी बंद पडलो.

काकांनी माझ्या अंगाला पान्याचं टोक लावलं, दुसरं टोक चांगल्या कानाशी धरलं आणि हँडल फिरवलं. लगेच म्हणाले, "डबीमा कचरा अडकेल शे." अगदी बरोबर होतं! मला ओरडून सांगावंसं वाटलं, काका, उघडा! पण पंपाला कुठलं तोंड? काकांचा हात सीलापाशी गेला आणि मागे आला.

सायकल मारत ते सुरतला कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथला बाबू बिचारा भला होता. तो म्हणाला, "काका, राघो तो गाँव गया. आखाजी है ना!" आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, खानदेशचा मोठा सण. त्या दिवसांत निम्म्या सुरतेचे लूम मुके होतात, गावाकडच्या गाड्या भरून जातात. आणि सील उघडायची परवानगी असलेला एकुलता एक मेकॅनिक राघो, तोही खानदेशचाच निघाला! बागेपायी काका स्वतः त्या वर्षी गावी गेले नव्हते. आता बोल तरी कुणाला लावायचा?

नवरा-बायको डोक्यावरून पाणी वाहू लागले. पण बाग का घागरीने भिजते? पानं लोंबली, एक झाड घडासकट कोसळलं. त्या आवाजाने माझं काळीज हललं, पण मी काय करणार?

आखाजीला सरलाबाईंनी पितरांसाठी घागर भरली, तिच्यावर आंबा ठेवला आणि तशाच उठून माझ्यापाशी आल्या.

"आहो, तुमले उघाडता येस ना? मंग कसाले वाट देखतस?"

"सील तोडं ते कंपनी हात झटकी टाकी."

"आनि केळी वाळनी ते कंपनी पानी घाली का?"

काकांनी पक्कड घेतली. कट्‌ असा एवढासा आवाज झाला. डबीतून चिमूटभर घाण निघाली आणि मी असा धडाडलो की चिंचेवरचे कावळे उडाले. दिवसभर पाणी धावलं. बाग वाचली, मित्रांनो! मी धन्य झालो.

सणानंतर राघो आला, आणि नेमके त्याच्यासोबत त्याचे साहेब. बाकीचे शेतकरी अशा वेळी तार पुन्हा पिळून ठेवतात आणि भोळा चेहरा करतात. साहेबांनी सील कुठे म्हणून विचारलं, तेव्हा राघो घाईने म्हणाला, "साब, चूहे ने काटा होगा."

"नही साहेब," काका म्हणाले, "मी तोडं. पितरंसले पानी दिन्हं, आते लबाड कसं बोलू?"

साहेब हळूच म्हणाले, "काका, अब कंपनी की जिम्मेदारी खतम." आवाज चढवला असता तर काकांना भांडता तरी आलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या डबीतली बोटभर स्प्रिंग तुटली. तिचं माप कंपनीने असं ठेवलेलं की बाजारात जोड मिळू नये. काकांनी लूमच्या स्प्रिंगा कापून, वाकवून बसवल्या. एकही टिकली नाही. खरी स्प्रिंग ऑफिसात काचेच्या कपाटात पडून होती. राघो काकांच्या नजरेला नजर देईना. "काका, मना हात बांधेल शेतस," एवढंच म्हणाला. केळी माझ्यासमोर एकेक करून आडवी झाली. काका पुन्हा बमरोलीला लूमवर गेले. निघताना सरलाबाईंनी मला गोणपाट पांघरलं आणि त्या रडल्या.

मित्रांनो, वस्तू पुसा, तेल घाला, जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझी विनवणी वेगळी आहे. नवी वस्तू घरी आणताना विचारा, बिघडली तर आम्हाला ही उघडता येईल ना? सुटा भाग मागितला तर मिळेल ना? नाही म्हणाले, तर ती तुमच्या घरी नुसती राहायला आली आहे, असं समजा. धुडकूकाका शेवटपर्यंत मला आपला म्हणत राहिले, आणि मी त्यांचा कधी नव्हतोच, हे सांगायलाही मला तोंड नव्हतं.