धाकटीच्या ताटात वाढलेलं

आई मुलींचे फ्रॉक शिवून विकायची. दुकानात गिऱ्हाईक रोडावलं तेव्हा शेजारच्या चष्मेवाल्यानं सुचवलं, की नवे कपडे घरच्याच मुलीला घालून मोबाइलवर व्हिडिओ टाका. घरात मुली दोन. आईनं दोघींकडे पाहिलं आणि धाकटीला म्हणाली, "तू उभी राहा. तुला काहीही शोभतं." मग थोरलीकडे वळली, "तुझा हात हलत नाही, मोबाइल तू धर."

आईच्या मनात काळंबेरं नव्हतं. थोरलीला मात्र ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं.

व्हिडिओ चालले. खाली लोक लिहायचे, 'बाहुली आहे नुसती', 'कंबर बघा'. आई शिवणयंत्रावर बसलेली असायची, म्हणून ते वाचून दाखवायचं कामही थोरलीकडेच. वाचताना तिचा जळफळाट व्हायचा आणि आवाज गोड ठेवावा लागायचा. मग ती कपडे बदलायच्या खोलीत जाऊन आरशासमोर पोटाची वळी चिमटीत धरून बघायची.

दिवसभरात आपण काय खातो ते दाखवणाऱ्या मुली मोबाइलवर पैशाला पासरी होत्या. अर्धं सफरचंद, चार पानं, गरम पाणी. थोरलीनं तेच सुरू केलं. डोकं ठणकायचं, वर्गात डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण हाडच रुंद, ते कुठं जाणार? तेव्हा तिच्या मनात आलं, आपल्याला कमी होता येत नाही, पण धाकटीला जाड करता येईल.

संध्याकाळचं जेवण थोरली वाढायची, कारण आईला दुकानातून यायला उशीर व्हायचा. ती धाकटीच्या पावाला बोटभर लोणी लावू लागली. दुधात साय, भातावर आणखी भात. "दमली असशील, घे."

"ताई, हल्ली किती माया करतेस गं," धाकटी म्हणाली.

थोरलीनं मान खाली घातली आणि आणखी एक डाव वाढला.

दोनेक महिन्यांनी निळ्या फ्रॉकची चेन अडली. आई ओठांत टाचण्या धरून म्हणाली, "श्वास आत घे." त्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, 'बाहुली फुगली की.' ते सगळ्यांत आधी थोरलीनं वाचलं. पुसून टाकणं तिच्या हातात होतं. तिनं मोबाइल तसाच उघडा, धाकटी बसायची त्या खुर्चीसमोर ठेवला.

धाकटीनं ते वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. ताट मात्र रोज चाटूनपुसून स्वच्छ यायला लागलं. आणि अंग? ते उतरतच चाललं. तिळपापड झालेल्या थोरलीला उलगडा झाला तो वासानं. दुकानातून घरी आणून ठेवलेल्या चिंध्यांच्या पोत्यात हात घातला, तर कापडाच्या तुकड्यांत गुंडाळलेले पाव, भाताचे गोळे, सगळ्यावर बुरशी.

धाकटी दारात उभी होती. "आईला सांगू नकोस. तू एवढ्या मायेनं वाढतेस, नाही म्हणवत नव्हतं." मग हळूच म्हणाली, "तुझं बरं आहे, ताई. तुझ्याकडे कुणी बघत नाही. मनाला येईल ते खातेस."

थोरलीनं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तिला हसावं की रडावं कळेना.

"माया नव्हती ती," ती म्हणाली. "तू जाड व्हावीस म्हणून वाढत होते."

धाकटीनं विचारलं, "लोणीसुद्धा?"

"लोणीसुद्धा. आणि तो मोबाइल मीच तुझ्यापुढं ठेवला."

धाकटीनं अबोला धरला. थोरलीनं आईला स्वतःच पोतं दाखवलं, सगळं सांगितलं, स्वतःच्या उपासासकट. आई बराच वेळ मांडीवरचं कापड सरळ करत राहिली. मग दोघींना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. फ्रॉक आता लाकडी पुतळ्यावर चढतात. व्हिडिओ फारसे कुणी बघत नाही.

परवा एक गिऱ्हाईक धाकटीला बघून म्हणालं, "हिच्या अंगावर घालून दाखवा ना." थोरलीच्या कानशिलाला आग लागली, पूर्वीसारखीच. आईनं नको म्हटलं. थोरली मुकाट्यानं बटणं लावत बसली.

त्या संध्याकाळी धाकटीनं तिच्या हातातून डाव काढून घेतला. "माझं मी वाढून घेईन."

"घे," थोरली म्हणाली, आणि धाकटीनं किती घेतलं ते न बघता आपल्या ताटात भात वाढला.