वरची पायरी

दारापुढच्या पायऱ्या बाबांनी स्वतः ओतल्या होत्या, आणि त्यात त्यांचं माप चुकलं होतं. बाकीच्या ठीक, पण सगळ्यात वरची चांगली चार बोटं उंच. नवा माणूस तिथे हमखास अडखळायचा, आणि बाबा आतून म्हणायचे, "या पाहुणे!" चूक कबूल करायची सोडून त्यांनी तिचाच थाट केला होता. अडखळला तो पाहुणा, नाही अडखळला तो घरचा. माझा नवरा बिचारा कितीतरी दिवस पाहुणाच होता.

बाबा गेले तेव्हा आईने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आल्यागेल्याला चहा दिला, कपबश्या विसळल्या. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! रोज दुपारी दाराकडे तोंड करून बसायची, ते काय मला दिसत नव्हतं?

पायऱ्यांचे पार हाल झाले होते. कडा ढासळलेल्या, रंगाचे पोपडे, आतली सळई गंजून बाहेर आलेली. त्यात आईचे गुडघे. दादाने फोनवरून दुरुस्तीचं टुमणं लावलं, मी समोरून. शेवटी ती कशीबशी तयार झाली आणि गवंड्याला स्वतः बजावून आली, की वरची मात्र पहिल्यासारखीच करा. त्याची छिन्नी चालूच होती. त्याने मान डोलावली.

माणूस कामाचा चोख. सैल झालेलं सगळं काढलं, सळई घासली, फळ्या लावून नवं काँक्रीट भरलं, रोज येऊन पाणी मारलं, वाळल्यावर लाल रंगाचे दोन हात दिले. तोवर आम्ही मागच्या दाराने ये-जा केली.

रंग वाळला तशी आई वळसा घालून पुढे आली. कठडा धरून चढली. वरच्या पायरीशी तिने सवयीने पाय उंच उचलला आणि तो दाणकन खाली आदळला. मी दंड धरला म्हणून बरं.

मी गवंड्यावर अशी उखडले की विचारू नका. तो गोंधळूनच गेला.

"ताई, आजीच म्हणाल्या ना, पहिलीसारखी करा. पहिली म्हणजे ही खालची. तिच्याच मापाने सगळ्या घेतल्या."

त्याने पट्टी लावून दाखवली. तसूभर फरक नव्हता.

तोडून पुन्हा उंच करून घेऊ, असं मी आईला म्हटलं. ती उंबऱ्यावर टेकली होती, पावलाने नवी पायरी चाचपत.

"नको. ती काही त्यांची व्हायची नाही." मग तिने मागे वळून घरात पाहिलं. "अडखळले गं मी. आणि आतून कुणी काही म्हणालंच नाही."

आणि ती रडायला लागली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्याशेजारी बसले. गवंडी पट्टी हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, काम बिघडलं म्हणून रडतायत.