सहा महिनं माती

संयोगिताबाईंचा जीव आता मेटाकुटीला आला होता. गडमुडशिंगीतल्या या अंगणवाडीत चोवीस वर्षं काढली. सकाळी खिचडीचं बघा, दुपारी रजिस्टरं भरा, मोबाइलवर फोटो चढवा, आणि एवढं करून दारात उभं राहून कुणीतरी विचारायचं, "बाई, पोरं नुसती खेळत्यातच व्हय?" सांगून सांगून तोंडाला फेस आला, पण ऐकतंय कोण!

आज हंबीरराव आले होते. नातीचं, राजनंदिनीचं, नाव काढायला. सोमवारपासून तिला कोल्हापुरातल्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं होतं. माणूस जुना पैलवान, कान मोडलेले, आवाज तर असा की झोपलेलं पोर दचकून उठावं.

"शेजारचं पोरगं एबीसीडी लिवतंय," ते गरजले. "बैलांचा बेंदूर होऊन सहा महिनं झालं, आमची नंदू अजून चिखलाचं बैलच करतीया! ही काय शाळा हाय?"

नंदू कोपऱ्यात मातीचा गोळा वळत बसली होती. जूनमध्ये आली तेव्हा पोरीच्या बोटांत चमचा धरायचं बळ नव्हतं. पेन्सिल दिली की हमसून रडायची. म्हणून बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि माती दिली. चिंचोके वेचायला लावले, मणी ओवायला लावले. आता कुठं तिच्या बैलाला शिंगं फुटायला लागली होती. तिकडं पहिल्याच दिवशी कुणीतरी हातात पेन्सिल कोंबणार आणि पोर कायमची बिचकणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. पण भांडायला अंगात काही उरलंच नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं कागद ओढला, नाव काढल्याचं लिहिलं, सही ठोकली.

कागद देताना मात्र राहवलं नाही. "आबा, एक सांगा. तालमीत गेल्या गेल्या वस्तादांनी तुम्हाला कुस्तीला उभं केलं होतं?"

"खुळ्या झालासा काय!" हंबीरराव उसळले. "हात मोडला असता की! सहा महिनं आखाड्याच्या हौद्यातली माती उकरत हुतो. खोरं मारून मारून मनगाट तयार झालं, तवा कुठं वस्ताद..."

बोलता बोलता म्हाताऱ्याची नजर नंदूच्या हातातल्या मातीवर गेली.

गुडघे कुरकुरवत तो नातीशेजारी खाली बसला. "शिंग दाब की, नंदू. चिमटीनं." नंदूनं दाबलं. हंबीररावांनी तिची बोटं आपल्या चिमटीत धरून बघितली.

मग उठून त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. "फाडत न्हाय. सहा महिनं थांबतो. मग मात्र पोरगी लिवाय पायजे, बाई."

सहा महिने! चोवीस वर्षांत एवढी मुदत त्यांना कुणी दिली नव्हती. बाईंना आनंद झाला, अगदी खरा झाला, पण उठून उभं राहायचंही त्राण नव्हतं. त्या खुर्चीतच बसून राहिल्या आणि डोळे आपसूक भरून आले.

"बाई, माझा बैल बघा की!" नंदूनं मातीच्या हातानं त्यांचा पदर चिमटीत धरून ओढला. बाईंनी सोडवायला बघितला, तर सुटेना.