दुसरी गोळी

चहाबरोबर श्रीकांतरावांनी रक्तदाबाची गोळी पुढे केली आणि कालिंदीबाईंनी बोलता बोलता ती गिळली. मग त्यांना आठवलं, की आंघोळीआधी आपण एक घेतलीच होती.

“मीठपाणी देऊ?” श्रीकांतराव घाबरून म्हणाले.

“अहो, आधी डॉक्टरांना विचारू.”

बागबाजारच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई त्या. त्यांनी पाकीट हातात धरून डॉक्टरांना गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि दोन्ही वेळा फोनवर सांगितल्या.

“झोपून राहा, एकट्या उठू नका,” डॉक्टर म्हणाले. “दर तासाला प्रेशर बघून मला कळवा. भोवळ आली, छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल. पुढची गोळी मला विचारूनच.”

कालिंदीबाई आज हावड्याला भाचीकडे जाणार होत्या. त्यांनी तिला फोन केला. “ऋता, मी येत नाही. आज तूच ये.”

ऋता लाँचने नदी ओलांडून आली तेव्हा वरचा आकडा शंभरावर उतरला होता. डोकं जरा हलकं वाटत होतं, इतकंच. दुपारी आकडा एकशेवीसवर आला.

“चूक माझी,” श्रीकांतराव पुटपुटले.

“तुम्ही विचारलं नाहीत, मी बघितलं नाही. उद्यापासून माझी गोळी मीच घेणार,” त्या म्हणाल्या आणि ऋताचा हात धरून सावकाश जेवायला उठल्या.