अब्बांनी रुकय्याला दिलेलं घड्याळ

घड्याळ अमेरिकेचं होतं. माणसापेक्षा उंच, चेरीच्या लाकडाचं, आत दोन वजनं लोंबणारं. पणजोबा बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते, तेव्हा त्यांच्या कप्तानाने ते त्यांना दिलं होतं. तेव्हापासून घराण्यात ते थोरल्या मुलाकडे जात असे. अब्बा म्हातारपणी थोरल्या मुलाकडे, हारुनकडे, शारजाला राहायला आले, तेव्हा त्यांनी श्रीवर्धनहून लाँचने ते आणवलं आणि अल मजाज भागातल्या त्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये उभं केलं. मागच्या खोलीत हारुनची विधवा बहीण रुकय्या मुलीला, कशफला, घेऊन राहायची. तिचा व्हिसा हारुनच्या कंपनीवर होता.

१९९७ च्या मे महिन्यात अब्बा गेले. जाण्याआधी सगळ्यांसमोर म्हणाले, "घड्याळ रुकय्याचं. इतकी वर्षं चावी तिनेच दिलीय."

हारुनने मान हलवली. चाळिसावा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने घड्याळ बाल्कनीत नेऊन ठेवलं.

"भाईजान, तिथे ऊन लागतं."

"हॉल माझा आहे. वस्तू तुझी ना? मग तुझ्या खोलीत ने."

त्या खोलीत दोन पलंगांमधून चालायलाही जागा नव्हती, हे त्याला चांगलं माहीत होतं.

जुलै होता. खाडीवरची दमट हवा काचांना घाम आणत होती. रुकय्या घड्याळावर जाड चादर घालून ऑफिसला जायची. संध्याकाळी परत यायची तेव्हा चादर तिच्या उशीवर असायची, कडा जुळवून घडी घातलेली. तिने भाभीला, बानूला, विचारलं. बानू म्हणाली, "मला काही विचारू नकोस. मला याच घरात राहायचंय."

ऑगस्टमध्ये घड्याळाचं दार फुगलं, तबकडीला पोपडे आले, काटे थांबले. जेवताना हारुन दहा वर्षांच्या कशफला म्हणाला, "अम्मीला विचार, किती वाजले."

"मामू, स्टॉप इट."

"ते तर आधीच स्टॉप झालंय, बेटा," म्हणून तो हसत राहिला.

शेवटी रुकय्याने शेजारच्या अजमानमधल्या एका वर्कशॉपमधला सुतार तुकाराम याला बोलावलं. सावंतवाडीचा माणूस. त्याने लाकडावर बोटं फिरवली. "ताई, वाचेल. वर्कशॉपला नेतो. हळूहळू सुकवावं लागेल."

हारुन दारात येऊन उभा राहिला. "घड्याळ या घराबाहेर गेलं, तर तूही त्याच्या मागोमाग जायचं. व्हिसा खलास."

"मग तुम्हीच ठेवा, भाईजान. हॉलमध्ये ठेवा. मी तुम्हाला देते."

"अब्बांनी मला दिलं नाही," तो म्हणाला. "तू कोण देणारी?"

तेव्हा रुकय्याला कळलं. त्याला घड्याळ नको होतं. ते तिच्या डोळ्यांसमोर कुजायला हवं होतं.

तिने तुकारामच्या पिशवीतून करवत काढली.

"ताई, नको," तुकाराम म्हणाला. तिने करवत घड्याळाच्या मानेवर ठेवली आणि ओढली.

हारुन आधी हसला. भुसा पडू लागला तसा म्हणाला, "बस कर आता." मग ओरडला. कशफ रडत बानूला बिलगली. शेवटी हारुनने करवतीचं पातंच धरलं, त्याची बोटं कापली.

"अब्बांचं आहे ते!"

"माझं आहे," रुकय्या म्हणाली. तिने करवत त्याच्या हातातून ओढून घेतली आणि काम पुरं केलं.

त्याच आठवड्यात व्हिसा रद्द झाला. माय-लेकी श्रीवर्धनला परतल्या. रुकय्याने शिवणाचं मशीन घेतलं, कशफ मराठी शाळेत रडतरडत रुळली. भाऊ-बहिणीत पाच वर्षं अवाक्षर नव्हतं.

२००२ मध्ये एका दुपारी फोन वाजला. हारुन होता. आवाज म्हाताऱ्यासारखा झाला होता. इकडचं तिकडचं काही न विचारता म्हणाला, "अब्बांना हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा दिवसा तूच जवळ असायचीस. माझ्याबद्दल कधी काही बोलले का गं?"

बोलले होते. "हारुनने माझं मुलासारखं नाही, आईसारखं केलं, त्याला सांग," असं दोनदा म्हणाले होते. तेव्हा सांगायचं राहून गेलं होतं.

"नाही," रुकय्या म्हणाली. "तुमचं नावसुद्धा घेतलं नाही."

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. हारुनने फोन ठेवेपर्यंत तिने रिसीव्हर कानालाच धरून ठेवला.