चार बोटांचा चमत्कार

तिसऱ्या मजल्यावरचा हॉल खच्चून भरला होता. जिने चढून धापा टाकणारी माणसं बाह्या सरसावून बसली होती आणि समोर जनुकबाबांची टकळी चालू होती.

"आजोबांनी पाप केलं, त्याचा शिक्का तुमच्या जनुकांवर बसला. म्हणून रक्त उसळतं. विज्ञानही हेच म्हणतं. मी शिक्का पुसतो, हे रक्तदाबाचं यंत्र साक्षीला आहे."

याच्या तोंडी विज्ञान म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या.

पुढच्या खुर्चीत कपडे शिवणाऱ्या शिवणताईचा धाकटा भाऊ होता, ताई त्याच्या शेजारीच उभी. भाऊ बेकरीत पीठ मळून मळून दंडाचे खांब झालेला. वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. हा एकोणपन्नाशीचा, आणि बाबाच्या नादाने कालच रक्तदाबाच्या गोळ्या मोरीत ओतून बसलेला.

बाबाने दंडाला यंत्राचा पट्टा बांधला, हात खाली लोंबता; यंत्राने एकशे सत्तर दाखवले. मग हात उशीवर, डोळे मिटून दहा मिनिटं मौन, कपाळाला बाबाचं बोट. पुन्हा मोजलं, एकशे बेचाळीस. सगळ्या हॉलचे हात जुळले.

ताईचे जुळले नाहीत. पट्टे दोन्ही लाल मखमलीचे, पण पहिला चार बोटं अरुंद. तीस वर्षं मापं घेतलेली नजर ती.

"पट्टा का बदललात हो?"

"हा शुद्धीनंतरचा, माई."

"मग जरा अशुद्धीचा बांधते."

"यंत्राची थट्टा करू नये."

"यंत्राची कुठं करतेय?"

तिने अरुंद पट्टा आवळला, हात खाली सोडायला लावला. एकशे सहासष्ट.

"अगंबाई, शिक्का परत आला. आजोबांनी आत्ताच वर काही पाप केलं वाटतं."

मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि हसू हॉलभर पसरलं.

"दंड जाड, पट्टा तोकडा, हात लोंबता, वर तीन जिने. आकडा फुगणारच. भाऊ, तुझा खरा एकशे बेचाळीस, तोही जास्तच."

"पण ताई, जनुकांवर खुणा असतात म्हणे."

"असतात की. डॉक्टरीणबाई कोट शिवायला आल्या तेव्हा त्यांनीच समजावलं. कापड तेच, वर खडूच्या खुणा. कुठं शिवायचं, कुठं सोडायचं, ते त्या सांगतात. तुझ्या सिगारेटच्या धुरानंही त्या उमटतात. धूर सोडलास तर काही हळूहळू पुसट होतात, महिन्या-वर्षांनी. बोट लावून नाही. तोवर गोळी."

भावाने खिशातलं सिगारेटचं पाकीट काढलं आणि बाबाच्या मांडीवर ठेवलं.

"हा घ्या माझा शिक्का."

दोघं जिना उतरून थेट औषधाच्या दुकानात गेली.

तेव्हा बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी माप घ्या.