फळीतला पिवळा कोपरा

लाव पैज, डाकवाल्या! मी सांगीन त्यातल्या एका शब्दावर जरी तुहा विश्वास बसला, त ही बोरीखालची बुढी रेंगी आपलं चाक काढून तुले देईल. तसंही एकच उरलं आहे.

हो, मीच बोलून राहिली. इकडे-तिकडे काय पाहतं गा? झाडावर कोणी नाही. घरातही कोणी नाही, चंद्रकलाबाई बोडीच्या पाण्यावर गेली धुणं घेऊन. तू हातातलं कार्ड माह्या फळीवर ठेवाले वाकला, म्हणून मले तोंड उघडावं लागलं. ठेवू नको. अड्याळात नवा दिसतं तू. जुना डाकवाला असाच ठेवत होता, अन् त्याच्यापायी काय झालं ते आईक.

मी एक रेंगी. खासर नाही बरं! खासर म्हणजे धान वाहणारी, खत वाहणारी, ढब्बू. रेंगी म्हणजे माणसं बसाची गाडी. हलकी, नखरेल, वर तट्ट्याचं छप्पर. माही फळी बीजाच्या लाकडाची. तो बीजा एकोडीच्या तलावाच्या पाळीवर उभा होता. तिथल्याच वाढ्यानं, सुतारानं, मले घडवलं, अन् चंद्रकलाच्या बापानं लग्नात तिच्यासंगं मले अड्याळले धाडलं. तिचं माहेर तेच माहं माहेर. येताना सारी वाट ती रडत होती अन् मी कुरकुरत होती. लोक म्हणत, नवरी रडून राहिली का गाडी, काही समजत नाही.

मी सरळ नव्हती, आधीच सांगून ठेवते. जो माणूस फुगून बसे, त्याले गड्ड्यात आदळून त्याची टोपी पाडल्याशिवाय मले करमत नसे. चंद्रकलाचा नवरा मारोतराव, किराण्याचा दुकानदार, तो शिव्या बैलाले देई. बैल बिचारे मान हलवत. मले लय मजा वाटे.

पण एक मजा मले महाग पडली.

आमच्याकडे राखीच्या दुसऱ्या दिवशी पोरी टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळे अंकूर तलावात शिरवतात. थोडे ठेवतात, अन् एकमेकीच्या कानावर खोचतात. जिच्या कानावर खोचले ती जन्माची भुजली. मंग तिचं नाव घ्याचं नाही, "भुजली" म्हणूनच हाक माराची. एकोडीच्या तीन पोरी अशा भुजल्या होत्या. चंद्रकला इकडे आली, रंभा आसगावले गेली, अन् धुरपता एकोडीतच दिली, तिथंच राहिली. नावं मी घेऊन राहिली, मले कोणी अंकूर खोचले नव्हते.

दरसाल दिवाळीनंतर एकोडीच्या मंडईच्या जत्रेले चंद्रकला माह्यात बसून जाई. एका मंडईत दंडारीचं नाटक पाहाले समोरची जागा कोणाची, यावरून तिची अन् धुरपताची जुंपली. बसाचा बोऱ्या पहिले कोणी टाकला? बस, एवढंच. अन् रागाच्या भरात चंद्रकला साऱ्या गावादेखत बोंबलली, "धुरपते, उठ इथून!"

नाव घेतलं रे तिनं. नाव घेतलं म्हणजे अंकूर उपटून फेकले. धुरपता उठली, बोऱ्या गुंडाळला, अन् गेली. अकरा वर्षं दोघी बोलल्या नाही.

मंग चौऱ्याहत्तर सालचा वैशाख आला. दुपारची वेळ, घरी कोणी नाही. डाकवाल्यानं एक कार्ड माह्या फळीवर ठेवलं अन् गेला. एकोडीचं कार्ड. वरच्या कोपऱ्याले हळद लावलेली, पिवळीधम्मक. शुभकार्याची. एकाच कोपऱ्याले होती, पण होती. हवा आली तसं कार्ड सरकलं, अन् तो कोपरा माह्या फळीच्या भेगेत घुसला. मले गुदगुल्या झाल्या. म्हटलं, राहू दे, चंद्रकला शोधत बसंल, मजा येईल. मी भेग दाबून धरली.

बाजूलेच ढवळा बैल बांधला होता. त्यानं जीभ काढली अन् कार्ड ओढलं. टर्र! कोपरा माह्यापाशी, कार्ड त्याच्या तोंडात.

तेवढ्यात बाहेरून परतलेली चंद्रकला धावत आली, तिनं बैलाच्या जबड्यातून कार्ड काढलं. अक्षरं थुंकीनं वाहून गेली होती. अन् कोपरा फाटलेला. तू डाकवाला आहे, तुले काय सांगावं? कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कोणी गेलं. ते घरातसुद्धा नेत नाही. ती उंबरठ्याबाहेरच मटकन बसली.

मारोतराव चष्मा लावून आले. "काही दिसत नाही वं. 'एकोडी' दिसते. 'धुरपता' दिसते. अन् खाली 'लवकर या'."

 आसगावची रंभा त्या दिवशी बाजाराले आली होती, ती आली तशी चंद्रकलानं तिचा हात धरला.

"भुजली, आपली ती गेली वं."

"थांब," रंभा म्हणे. "लवकर या लिहिलं ना? मेल्यावर कायची लवकर? जीव असंल अजून."

"मंग कोपरा काहून फाडला?"

 चंद्रकला उठली, पेटीतून एक कोरं हिरवं लुगडं काढलं. सवाशीण बाई गेली त माहेरचं हिरवं लुगडं नेसवून तिले नेतात. धुरपताचे मायबाप नव्हते, भाऊ नव्हता. ते लुगडं तिनं गाठोड्यात बांधलं अन् म्हणे, "बैल जुंपा. मले तिले एकदा भुजली म्हणाचं आहे. कानात जीव असला त बस."

झालं. अन् खरं काय ते कोणाले मालूम? मले! हळदीचा कोपरा माह्या फळीत, त्यावरच चंद्रकला बसलेली.

पहाटे निघालो. मी भेग ढिली कराले पाहिली, पण चंद्रकलाचं वजन वरून. मंग मी कुरकुरली. लय जोरानं. कुई, कुई, खाली पाहा, खाली पाहा! मारोतराव उतरले, वंगणाचा नळा काढला, अन् माह्या आखात वंगण कोंबलं. तोंडच बंद केलं माहं.

काय वाट होती ती! किटाडीचं जंगल. मोहाखाली टोळ्या, मोहाची फळं, पडल्या होत्या, बाया डोक्यावर तेंदूपत्त्याचे गठ्ठे घेऊन चालल्या होत्या. वाटेत तलावामागं तलाव, कमळं फुललेली, पाण्यात सारसाची जोडी. दुसरी वेळ असती त दोघींनी चार-चार वेळा रेंगी थांबवली असती, चारोळीची चारं खाल्ली असती, थट्टा केली असती. आता एक म्हणे, "जीव असंल," दुसरी म्हणे, "मंग कोपरा?"  दोन कोस गेले की पुन्हा तेच.

"लोकांच्या बांधीतले, शेतातले हिरवे चणे चोरून खाल्ले, आठवते?" रंभानं एकदा विषय काढला.

"मार तिनं खाल्ला, मी पळून गेली होती," चंद्रकला म्हणे. अन् रडाले लागली.

पालांदूरच्या पुढं चुलबंद नदीच्या पात्रात माह्या उजव्या चाकानं दगा दिला. वैशाखात लाकूड सुकते, आकसते, मंग वरची लोखंडी धाव निसटते. मारोतराव म्हणे, "चाक पाण्यात ठेवावं लागंल. लाकूड फुगल्याशिवाय धाव बसत नाही."

"किती वेळ?"

"दुपार जाईल."

"तिथं तिचा जीव जाईल ना!"

"मी फुगवू काय चाक, तोंडानं?"

चाक डोहात ठेवलं. चंद्रकला काठावर बसून त्या चाकाकडे अशी पाहत होती जशी चुलीवरच्या दुधाकडे पाहतात. घडीघडी हात लावून पाहे. "फुगलं काय?" "नाही." "आता?" "अवं बाई, आता त लावला हात!"  डाकवाल्या, मी जन्मभर लोकांच्या टोप्या पाडल्या, पण त्या दिवशी मले माही लाज वाटली. अन् मनात एक भेव बसलं. चालता चालता धुरपता खरंच मेली असली त? मी दाबून धरला तो कोपरा खरा ठरला त?

तिसऱ्या दिवशी दुपारून एकोडीचं आखर आलं, जिथं सकाळी गावच्या गायी जमतात. तिथूनच रडत गावात शिराची रीत. दोघींनी डोक्यावरून पदर ओढला अन् गळा काढला.

"माही भुजली वं... न सांगता गेली वं भुजली... मी तुले नावानं हाक मारली वं... आता कोणाले भुजली म्हणू वं..."

मारोतरावांनी टोपी काढून मान खाली घातली. बैलांले वाट पाठ होती, ते चालले. मले समोर दिसत होतं. जांभळीच्या पानांचा मांडव. डफडं. नवे कपडे घातलेली पोट्टी. मी अडाले पाहिली, पण मारोतरावांनी वंगण इतकं भरलं होतं की मी घसरतच गेली, थेट मांडवासमोर.

डफडं थांबलं. वऱ्हाडी उभे झाले. "कोण गेलं गा? कोण गेलं?"

मांडवातून एक बाई तणतणत आली, कोपरापर्यंत हळदीचे हात. "माह्या पोरीच्या लग्नात कोण रडून राहिली वं? कोण मेलं?"

चंद्रकलानं पदर वर केला. तोंड उघडंच राहिलं. रंभा म्हणे, "तू!"

"मी?"

मारोतरावांनी कार्ड पुढं केलं. "कोपरा..."

"त्या कोपऱ्याले त मी माह्या बोटानं हळद लावली होती!"

सारे बैलाकडे पाहाले लागले. ढवळ्यानं मान खाली घातली. मी भेग आणखी दाबून धरली.

कोणी हसलं. धुरपता नाही हसली. ती चंद्रकलापाशी आली अन् हळूच म्हणे, "अकरा मंडया झाल्या. मी मेली म्हणून भुजली म्हटलं. जित्ती होती त कायचं तोंड झिजत होतं तुह्यावालं?"

चंद्रकला फक्त म्हणे, "भुजली."

"पुन्हा म्हण."

"भुजली."

"जोरानं. त्या दिवशी दंडारीत केवढ्यानं बोंबलली होती? तेवढ्यानं म्हण."

अन् चंद्रकला माह्या फळीवर उभी राहून अशी बोंबलली, की तलावावरचे बगळे उडाले. धुरपतानं तिले हळदीच्या हातांनी तशीच मिठी मारली. दोघी पिवळ्या झाल्या.

चंद्रकला गाठोडं फळीखाली सरकवून राहिली होती, पण धुरपताची नजर लय बारीक. "ते काय लपवलं वं?" तिनं गाठोडं ओढून सोडलं. हिरवं लुगडं. रंभा जीभ चावत होती. धुरपताले समजाले एक घडी लागली. मंग मात्र ती पोट धरून हसली. म्हणे, "पोत चांगला आहे." अन् तेच लुगडं स्वतः नेसून तिनं पोरीचं लगन लावलं. व्याही-विहिणींले सांगे, "आता खरंच मेली त यातच न्याजो गा, नवं आणाची गरज नाही."

त्यानंतर बारा मंडया तिघी संगं बसल्या, एकाच बोऱ्यावर. पण माह्यात बसून नाही. एष्टी आली, सकाळी बसली की दुपारी एकोडी. ढवळा गेला, दुसरा विकला. मले या बोरीखाली आणून सोडलं. कोंबड्या अंडी घालतात. एका पावसाळ्यात डावं चाक कुजून पडलं. पण तो कोपरा माह्यापाशीच होता. रात-दिवस टोचे.

दोन वर्षं झाली. जुन्या डाकवाल्यानं सवयीनं एक कार्ड इथंच ठेवलं. एकोडीचं. खालचा कोपरा फाडलेला.

मारोतरावांनी वाचलं, अन् चष्मा काढून पुसत बसले. चंद्रकला हसली रे! "हट! तुमी वाचूच नका. कोणाचं लगन असंल. माही भुजली मस्करी करून राहिली."

"बैल नाही आता फाडाले," मारोतराव हळूच बोलले.

"म्हणूनच म्हणते, कोपरा इथंच पडला असंल."

अन् ती माह्याजवळ आली. कोंबड्या हाकलल्या. अंबाड्यातला आकडा काढला अन् माही एकेक भेग खरवडून पाहाले लागली. मी काय करू? द्यावा का नाही द्यावा?  मी भेग सोडली.

पिवळा कोपरा खाली पडला. "पाहा! पाहा, हळद!" लेकरासारखी नाचली ती. खाली बसली अन् तो कोपरा कार्डाले लावला. जुळला नाही. उलटा करून लावला. फिरवून लावला. मंग त्याच्याकडे पाहतच राहिली. बारा वर्षांचा जुना, उडालेला पिवळा रंग. मंग ती माह्या फळीवर टेकली. मले एकदा कुरकुराचं होतं. वंगण त केव्हाच सुकलं होतं, तरी आवाज निघाला नाही.

तो कोपरा पदराच्या गाठीत बांधून ती एष्टीनं गेली. संगं लुगडं नेलं नाही. लुगडं तिच्या भुजलीपाशीच होतं.

बस. एवढंच. आता समजलं, काहून म्हणून राहिली, कार्ड माह्यावर ठेवू नको? माह्यानं आता दाबून धरवत नाही, अन् सोडवतही नाही. ज्याचं त्याच्या हातात देत जा गा.

पाहा, ती येऊन राहिली, डोक्यावर धुण्याची टोपली. तुह्या हातातल्या कार्डावर आसगावचा शिक्का आहे, मघाच पाहिला मी. रंभाच्या गावचा. तीन कोपरेही पाहिले, चांगले आहेत. चौथा तुह्या अंगठ्याखाली आहे. अंगठा उचलू नको. मले पाहाचं नाही.

डोळे काहून पुसतं? तुहा त विश्वास बसणार नव्हता ना? पैज मी हरली, पण चाक राहू दे माह्यापाशी. पुढं हो, तिच्या हातात दे. अन् जाय आता.